पात्राबाहेर

जुलै लागला की कोल्हापुरात "जेवलास काय?"च्या आधी "किती फूट?" विचारतात. फूट म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी. ३९ला इशारा पातळी, ४३ला धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या पोराटोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. आमचं घर शुक्रवार पेठेत, जरा चढावर, पण नदीच्या शेजारातच. पाणी गायकवाड वाड्याशी आलं, जामदार क्लबला टेकलं, या बातम्या आम्हाला मोबाइलवर वाचाव्या लागत नाहीत. त्या गल्लीतनं चालत घरी येतात.

आणि नेमका त्याच दिवसांत माझा भडंगाचा डबा रिकामा होतो.

ही गोष्ट माझ्या नाही, आत्यांच्या लक्षात आली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. एरवी त्यांचं लक्ष दूध उतू जाण्याकडं आणि शेजारी कोण आलं-गेलं याकडं. पण २०१९च्या ऑगस्टात एका सकाळी त्यांनी फडताळातला डबा उचलून कानाशी हलवला आणि म्हणाल्या, "नदी चढली की ह्यो उतरतोय. बगिटलंस काय?"

त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीपाशी महामार्ग बुडाला, त्यामुळं पेट्रोल नाही, भाजी नाही, दुधाची बोंब. पाणी उपसणारी केंद्रंच पाण्याखाली गेलेली, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी समुद्र आणि मोरीतला नळ ठणठणीत कोरडा. दुधाळीतली नणंद, तिचे मालक, दोन पोरं आणि तिचं शिलाई मशीन असं सगळं आमच्या माडीवर मुक्कामाला. मशीन उतरवून घेताना जेवढा आरडाओरडा झाला तेवढा माणसं आली तेव्हाही झाला नाही.

रात्री झोप कुणालाच नव्हती. नवऱ्यानं पाण्याच्या काठाला एक वीट ठेवली होती. दर तासाला बॅटरी घेऊन जायचा, वीट बुडाली का बघायचा, बुडाली असली की दुसरी वीट अलीकडं ठेवून यायचा. घरात येऊन काही बोलायचा नाही, नुसती बोटं दाखवायचा. दोन. तीन. मी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून खाली बसलेली, मांडीत डबा.

आता भडंग म्हणजे तसं बघितलं तर काय? चुरमुरे, शेंगदाणे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि घरची कांदा-लसूण चटणी. पण त्या रात्री मी ते ज्या शिस्तीनं खाल्लं, त्या शिस्तीनं मी बँकेची स्लिपसुद्धा भरत नाही. आधी शेंगदाणे वेचले. मग तेलात कडक झालेल्या लसणाच्या पाकळ्या. मग कढीपत्ता, जो एरवी मी ताटाच्या कडेला लावते. मग चुरमुरे. पावसाळी हवेनं ते सादळलेले होते, दाताखाली कुर्रम व्हायच्या ऐवजी चिवट चिवट लागत होते, तरी खाल्ले. आणि शेवटी डब्याच्या तळाला मीठ-चटणीचा जो थर बसतो ना, त्यात ओलं बोट फिरवून तेही चाटलं. तीन विटांत डबा संपला. भूक होती म्हणाल तर छे! नऊच्या सुमाराला पिठलं-भात पोटभर झाला होता.

राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप बसतात. कुणी चावी फिरवत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. माझ्या उजव्या हाताचं तसंच आहे. तो डब्यात कधी गेला हे मला तो बाहेर आल्यावर कळतं.

नवऱ्याचं उलटं. काळजी आली की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. चार दिवस तो चहावर होता. दूध मिळेना तेव्हा कोऱ्या चहावर. मी खाते म्हणून त्याला राग आणि तो खात नाही म्हणून मला. पूर ओसरल्यावरही या विषयावर आमचं दोन वेळा वाजलं. "असल्या वेळी तुला खाणं सुचतं तरी कसं?" त्याचं खरंही वाटायचं. काळजी मोजायची पद्धत आपल्याकडं ठरलेलीच आहे, जो जेवत नाही त्याला जास्त.

पुढं मी यावर थोडं वाचलं, बरंचसं स्वतःच्या बचावासाठी. अचानक धसका बसला की अंगात अ‍ॅड्रिनलिन उसळतं, रक्त हातापायांकडं धावतं आणि पोटाला सांगितलं जातं, तू गप बस. तेव्हा भूक मरते. पण काळजी पाहुण्यासारखी मुक्कामालाच आली, की कॉर्टिसॉलचा अंमल सुरू होतो आणि ते खा-खा सुटवतं. वरण-भाताची नाही, तेलकट, गोड, चमचमीत अशा गोष्टींची. मेरी डॉलमन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलं, की असं खाल्ल्यानं मेंदूतली तणावाची घंटा जरा हळू वाजायला लागते. त्यांनी उंदरांना साखर आणि डुकराची चरबी खायला दिली होती. भडंग देऊन बघायला हवं होतं. नवरा मात्र चौथ्या दिवशीही चहावरच होता, म्हणजे तो या बाईंच्या हिशेबात बसत नाही. माझ्याही बसत नाही.

मला विचाराल तर मराठीला हे आधीच ठाऊक होतं. आपण भीतीचा पत्ताच पोटाचा दिलाय. पोटात गोळा येतो, खड्डा पडतो, कालवतं. आणि चिंता माणसाला खाते म्हणतात. ती खायला बसायच्या आत आपण काहीतरी खाऊन घेतलेलं काय वाईट?

मुलाच्या बारावीच्या फिजिक्सच्या आदल्या रात्री घरातली लोणच्याची बरणी संपली. पेपर त्याचा, लोणचं मी खाल्लं.

वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मात्र माझाही हात बांधल्यासारखा झाला होता. एका दवाखान्याचा तिसरा मजला, लोखंडी बाकडं, आत नेऊन पाऊण तास झालेला. शेजारी एक म्हातारी बसली होती, नऊवारीतली, पायात रबरी चपला. तिचा मुलगाही आत. तिनं पिशवीतनं फडकं काढलं, मांडीवर सोडलं. दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा. कांदा तिनं बाकड्याच्या कडेवर ठेवून मुठीनं फोडला. तो आवाज ऐकून कौंटरवरची सिस्टर बघायला लागली.

"जेवलीस न्हवं?"

"भूक नाही, मावशी."

"भूक कुणाला हाय हितं? धर."

तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्यावर चटणी दाबली आणि माझ्या हातात न देता सरळ तोंडापुढं धरला, लहान पोरापुढं धरतात तसा. मी खाल्ला. मग पुढचा हात माझा मीच केला. उठताना हिशेब लागला, दोन भाकऱ्यांतली दीड मी खाल्ली होती. वडील बरे झाले. तिच्या मुलाचं काय झालं ते मला कळलं नाही, कारण मला आत बोलावलं तेव्हा मी तिच्याकडं न बघता पळाले होते.

आमच्या गावात दुःख असो की टेन्शन, औषध तिखटच. परगावचे लोक आइस्क्रीम खातात म्हणे. इथं निकालाच्या दिवशी, जागेच्या वादाच्या तारखेनंतर, पोरीच्या बघण्याच्या कार्यक्रमाआधी माणूस मिसळीला जातो आणि वर "कट वाढ" म्हणतो. पहिल्या चमच्याला कान गरम, दुसऱ्याला नाक वाहतं, पावाची स्लाइस त्यात बुडवून उचलेपर्यंत कोर्टातली तारीख कुठली होती ते आठवत नाही. जिभेला आग लागलेली असताना दुसऱ्या कशाची काळजी करायला डोकं मोकळंच नसतं. यालाही शास्त्र आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या दारावर जाऊन धडकतं, ते दार मुळात चटका ओळखायला असतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली ते शोधलं आणि २०२१ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, विभागून. म्हणजे मिरची खाल्ल्यावर भाजल्यासारखं होतं ते नुसतं म्हणायला नाही, मेंदूला खरोखरच भाजल्याची वर्दी जाते. आणि हे दार नुसत्या उष्णतेनं किती अंशांना उघडतं माहीत आहे? साधारण ४३. मी हे वाचून आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? धोका पातळी हाय ती."

तेव्हापासून आमच्या घरात डब्याची मापं नदीच्या भाषेत होतात. पाऊण डबा असला तर पात्रात. अर्ध्याच्या खाली गेला की इशारा. तळ दिसला की पात्राबाहेर. आत्या रोज सकाळी डबा कानाशी हलवून बुलेटिन देतात, आणि गंमत अशी की ते सहसा चुकत नाही.

यंदाही पंधरा दिवस पाऊस लागून राहिलाय. काल रात्री पाणी ४०वर गेलं. बारा वाजता मी ठरवून झोपले होते, दीडला ठरवून न उठता उठले. बाहेर नवऱ्याची बॅटरी दिसत होती, म्हणजे वीट ठेवून झाली होती. फडताळ उघडलं, डबा काढला. हाताला हलका लागला. शनिवारीच भरला होता, मी अजून शिवलेही नव्हते.

झाकण काढलं. शेंगदाणा एकही नाही. चुरमुरे तळाला. पण लसूण सगळा जिथल्या तिथं, एका बाजूला नीट सारून ठेवलेला.

आमच्या घरात तळलेला लसूण कोण खात नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे.

आतल्या खोलीतनं आत्यांचा आवाज आला, "किती गं?"

त्यांनी नदीचं विचारलं की डब्याचं, कळलं नाही. मी डबा हलवून ऐकवला.

"पात्राबाहेर," म्हणाल्या आणि कूस बदलली.