तुम्ही विचारलंत म्हणून: हे रजिस्टर कुणाचं?

केनियात किसुमूजवळच्या एका दवाखान्यात मी दोन वर्षं नोंदींचं काम करत होते, हे कळलं की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, “अमेरिका त्यांना एचआयव्हीची औषधं फुकट देते ना? मग रुग्णांची माहिती अमेरिकेला दिली तर बिघडलं कुठे?”

औषधांचं मोल मला ठाऊक आहे. 2003 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या पेपफार या एचआयव्ही-मदत योजनेने लाखो जीव वाचवले. त्या गोळ्यांवर जगणारी माणसं मी रोज रांगेत पाहत होते.

पण महिनाअखेर डोळ्यांपुढून जात नाही. सिस्टर मोठं रजिस्टर उघडायच्या आणि रकान्यावर बोट ठेवून मोजायला लागायच्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. नवे रुग्ण किती, गोळ्या न्यायला न आलेले किती. बेरीज सरकारच्या 731 नंबरच्या फॉर्मात उतरवायची, मग तेच आकडे देणगीदारांच्या रकान्यांत पुन्हा भरायचे. तोवर बाहेरची रांग ताटकळत. देणगीदारांचा अहवाल एक दिवस लांबला तरी फोन यायचा. सरकारी फॉर्मसाठी आलेला फोन मला आठवत नाही.

जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनने मदत रोखली आणि पेपफारची डेटा-यंत्रणाही बंद पडली. रुग्ण तिथले, मोजणाऱ्या सिस्टर तिथल्या, बटण मात्र अमेरिकेत. रवांडात ‘बॅबिल’ ही फोनवरून डॉक्टरांशी गाठ घालून देणारी सेवा होती, 20 लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केलेली. 2023 मध्ये तिची ब्रिटिश मूळ कंपनी बुडाली आणि तीही गेली.

बिघडलं कुठे, याचं सगळ्यात बोचरं उत्तर ओमायक्रॉनचं. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा हा नवा प्रकार ओळखून त्याची माहिती लगेच जगापुढे ठेवली. त्यावर ब्रिटन, युरोप, अमेरिकेने काय केलं, तर आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांनाच दारं लावून घेतली. प्रामाणिकपणाची अशी शिक्षा! मला त्याचा आजही संताप येतो.

म्हणून डिसेंबर 2025 मधल्या बातमीने मला बरं वाटलं. केनियाने अमेरिकेशी पाच वर्षांचा आरोग्य-करार केला होता, त्यात अमेरिकेचे 160 कोटी डॉलर. एक ग्राहक संघटना कोर्टात गेली, आणि करारावर सही होऊन आठवडा होतो न होतो तोच नैरोबीच्या हायकोर्टाने त्या कराराखाली रुग्णांची वैयक्तिक माहिती अमेरिकेला देण्यावर तात्पुरती स्थगिती आणली. केनियात 2019 पासून माहिती-संरक्षणाचा कायदा आहे. तो कपाटात पडून राहिला नाही.

एकदा एका बाईने रजिस्टरातल्या आपल्या ओळीवर बोट ठेवून सिस्टरना विचारलं होतं, हे इथून पुढे कुठे जातं? सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मला नैरोबीपर्यंतचंच सांगता आलं.