साखर न घातलेली नारशराब

अझरबैजानच्या बाकूमधल्या एका हॉटेलात कबाब आणि मासळीचं काम माझ्याकडे आहे. नोव्हेंबरात एका मोठ्या मेजवानीला स्टर्जन माशाचा कबाब होता. त्याच्यासोबत नारशराब, म्हणजे आटवून दाट केलेला डाळिंबाचा रस, हवाच. भांडारातून आलेल्या बाटलीवर घटकांत पहिलं नाव साखरेचं. मी ती परत पाठवली. स्टर्जन तेलकट मासा. गोड पाकाने तो आणखी जड होतो.

आमच्या भाजी विभागातल्या खाला (इथे मावशीला असंच म्हणतात) मूळच्या गॉयचायच्या, डाळिंबाच्या गावच्या. मुख्य शेफची परवानगी काढून त्यांच्याच घरी रस काढायला बसलो. मिक्सर त्यांनी बाजूलाच ठेवला. सालीचा किंवा आतल्या पिवळसर पडद्याचा अंश रसात उतरला, की रस आटतो तसा तुरटपणाही वाढत जातो आणि मग तो कशानेही जात नाही. म्हणून दाणे हाताने सोडवायचे, फडक्यात बांधून पिळायचे. दहा किलो फळांतून चारेक लिटर रस आणि त्याची जेमतेम लिटरभर नारशराब. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, आंबट रस त्याला खातो; कल्हईचं तांब्याचं किंवा एनॅमलचं घ्यायचं. झाकण नाही, आच मंद, फेस पळीने काढत राहायचा.

कसब शेवटी लागतं. बुडबुडे मोठे आणि संथ झाले की तिथून हलायचं नाही. गरम असताना नारशराब पातळच दिसते, निवल्यावर दाटते. पातेल्यातच दाट होण्याची वाट पाहिली की करपट वास धरते. खाला थंड बशीवर थेंब टाकून बशी तिरकी करत. थेंब रेंगाळत ओघळला, की गॅस बंद. मग कुटलेले धणे आणि मिरी. रंग काकवीसारखा काळसर.

फळ मात्र आंबटच हवं. सोलापूरचा भगवा खायला अप्रतिम, पण त्यात आंबटपणा कमी. आटवला की नुसता गोड पाक होतो. सुट्टीत गावी करून पाहिलाय.

मेजवानीत तीन-चार टेबलांवरून ‘फार आंबट’ असा निरोप आला. मॅनेजरने मला न विचारता सगळ्या वाट्या उचलायला लावल्या आणि बाजारातून दुसऱ्या बाटल्या मागवून तोच पाक वाढला. लॉबीत गॉयचायच्या डाळिंब उत्सवाचे मोठाले फोटो आहेत; युनेस्कोने २०२० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेला उत्सव! त्याच छताखाली हे व्हावं, याचा मला अजून संताप येतो. पाहुण्यांवर राग नाही. जे मिळत आलं, त्याचीच त्यांच्या जिभेला सवय.

पण खरं बोचतंय ते खालांचं बोलणं. भांडी आवरताना त्या म्हणाल्या, “दोन चमचे साखर घातली असती, तर वाट्या उचलल्या नसत्या, बाळा. आमच्या शेजारी घालतात.” मी साखर नको म्हटल्यावर त्या काही बोलल्या नव्हत्या, पाहुण्याचं मन राखलं असणार.

मला ते अजूनही पटलेलं नाही. पुढच्या हंगामात टेबलावर दोन्ही ठेवू, एक बिनसाखरेची आणि एक खालांच्या शेजारणीच्या पद्धतीची, असं मुख्य शेफना सांगितलंय. मॅनेजर अजून बाटलीचाच हिशेब दाखवतोय.