चिमूटभर मीठ

काल रात्री जेवणे आटोपल्यावर मी २६ जुलै २००५ च्या पावसाची हकीकत सांगत असताना मनू मीराकडे पाहून हळूच म्हणाली, "आजीचं सगळं विथ अ पिंच ऑफ सॉल्ट घ्यायचं." मीरा हसली. श्रीही हसला, आणि ते मला अधिक लागले. हे असते तर... ते असो.

ऐकलेले सगळेच खरे मानू नये, विश्वास थोडा हातचा राखून ठेवावा, हा त्या शब्दांचा अर्थ मला शाळेपासून ठाऊक आहे. तरीही रात्रभर डोळ्याला डोळा लागेना, म्हणून मोबाइलवर शोधत बसले. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात विषावरचा एक उतारा नोंदवला आहे, तो असा: दोन सुके अक्रोड, दोन अंजिरे आणि सतापाची वीस पाने मिठाचा एक कण घालून कुटावीत आणि अनशापोटी घ्यावीत, म्हणजे त्या दिवशी कोणतेही विष बाधत नाही. मिथ्रिडेटीस राजाचा हा उतारा त्याला हरवणाऱ्या पॉम्पी नावाच्या रोमन सेनापतीच्या हाती लागला होता म्हणे, आणि या वाक्प्रचाराचे मूळ बहुधा तिथेच सांगतात. म्हणजे माझे बोलणे हे विष, आणि माझ्याच नातीने त्यावर उतारा घेऊन बसायचे!

आपल्याकडे तिखटमीठ लावतो तो सांगणारा. इंग्रजीत मात्र मीठ ऐकणाऱ्याच्या हाती दिलेले असते. मराठीत निदान तोंडावर सांगता तरी येते की तू मीठमसाला लावतेस, आणि मग भांडताही येते. ऐकणाऱ्याने मुकाट्याने चिमूट टाकून घेतली, तर भांडायचे कोणाशी?

पहाटे मात्र मी स्वतःशीच हिशेब मांडला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे कोणीही तपासून पाहावे. मी कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत चालत आले, हेही खरे. पाणी मात्र त्या वर्षी गुडघ्यापर्यंत होते, श्रीच्या लग्नात ते कमरेपर्यंत चढले आणि काल छातीला लागले. माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. आणखी दोन वर्षांनी मी बुडणार, हे उघड आहे.

सकाळी मनूच्या डब्यातल्या दुधीच्या भाजीत मीठ घालायचे राहून गेले. मुद्दाम नव्हे. संध्याकाळी तिने डबा रिकामा आणून ओट्यावर ठेवला आणि विचारले, "आजी, त्या दिवशी तुझी चप्पल कुठे वाहून गेली होती गं?"