बोनेटखालची शिट्टी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून गाडीच्या इंजिनाला कोन फिल्टर (हवा गाळणारा उघडा, शंकूसारखा फिल्टर) बसवून आलेला मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, पिकअप डबल झालाय!’ डबल झालाय तो आवाज. कंपनीच्या एअरबॉक्सला, म्हणजे मूळ फिल्टरच्या बंद पेटीला, बहुतेक गाड्यांत एक पोकळ डबा असतो, रेझोनेटर. इंजिन हवा ओढताना उठणारा घुमारा तो गिळतो. कोन फिल्टरसाठी तो काढला की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गुरगुर सुरू, आणि कान मनाला फसवतात. शिवाय उघडा फिल्टर बोनेटखालची तापलेली, विरळ हवा ओढतो. सायनच्या ट्रॅफिकमध्ये ताकद वाढणार कुठून?

मला मात्र त्यामागे बारीक ‘सुस्स’ ऐकू येत होतं. गाडी न्यूट्रलमध्ये, आरपीएमची सुई खालीवर. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) मिटलेला असताना मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतला, व्हॅक्यूम जोरात असतो, म्हणून गळतीची शिट्टी आयडलिंगलाच स्पष्ट येते. रेस दिली की विरते. टर्बोच्या गाडीत हवा दाबून भरतात, म्हणून तिथली गळती उलटी, दाब (बूस्ट) चढल्यावर फुस्स. एअर-फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरली की मिश्रण 14.7:1 (हवा : पेट्रोल, वजनाने) या प्रमाणापेक्षा पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि चेक इंजिनचा दिवा पेटतो.

निघालं काय, तर फिल्टर बसवताना धक्का लागून निसटलेली व्हॅक्यूमची रबरी नळी. नीट खोचली, सुई स्थिर.

फिल्टर त्याने ठेवलाय. हौस आहे, असू दे. बंपरमागे खाली उतरणारा कोल्ड एअर पाइप मात्र घेऊ नकोस म्हटलं. जुलैत हिंदमाताला पाणी तुंबलं की तो हवेऐवजी पाणी ओढेल. पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड वाकतात.