फिलिप बेटाचा वर्षभराचा तक्ता: काय भरलं, काय राहिलं

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं फिलिप बेट (बुनुरोंग लोकांचं मिलोवल) सुमारे १०० चौरस किलोमीटरचं आहे. लांबी २६ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ९. मेलबर्नपासून अंतर साधारण १४० किलोमीटर, आणि सॅन रेमो ते न्यूहेवन हा पूल ओलांडला की थेट बेटावर. नकाशा पाहून वाटतं, एका दिवसात सगळं उरकेल. प्राणी-पक्ष्यांच्या नोंदींचा तक्ता भरायला घेतला की कळतं, इथे जागांपेक्षा वेळा महत्त्वाच्या आहेत. सील सकाळच्या उजेडात, किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी भरतीला, पेंग्विन तिन्हीसांजेला आणि बँडिकूट (लांब नाकाचा छोटा पिशवीधारी प्राणी) रात्री. भरतीची वेळ रोज सरकते, सूर्यास्ताची ऋतूप्रमाणे. त्यामुळे चारही नोंदी एकाच दिवशी झाल्या असे दिवस थोडेच.

तक्त्याचे रकाने सध्या असे आहेत: तारीख, सूर्यास्त, भरतीची वेळ आणि उंची, वाऱ्याची दिशा, ढग, काय दिसलं, किती मिनिटं पाहिलं. शेवटचा रकाना नंतर घातला आणि तोच सर्वात उपयोगी ठरला. दहा मिनिटांत दिसलेले तीस पक्षी आणि दोन तासांत दिसलेले तीस पक्षी या वेगळ्या नोंदी आहेत.

पेंग्विन, समरलँड किनारा. भरलं: सप्टेंबर ते जानेवारी

लिटल पेंग्विन ही पेंग्विनांमधली सर्वात लहान जात. उंची साधारण ३३ सेंटिमीटर, वजन एक किलोच्या आसपास. बेटावरच्या वसाहतीत प्रजनन करणारे पक्षी सुमारे ४०,००० आहेत. दिवसभर समुद्रात मासे पकडून ते अंधार पडू लागला की थव्याने बाहेर येतात, कारण उजेडात वाळू ओलांडणं म्हणजे समुद्रगरुडांच्या आणि कुरवांच्या नजरेस पडणं.

वेळ घड्याळाची लिहू नका, ‘सूर्यास्तानंतर इतकी मिनिटं’ अशी लिहा. डिसेंबरात सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो, जूनमध्ये सव्वापाचच्या आत. शिवाय ऑक्टोबर आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासाने पुढे-मागे होतं. घड्याळाप्रमाणे ठेवलेल्या नोंदीत एप्रिलमध्ये पेंग्विन अचानक तासभर लवकर येऊ लागल्यासारखे दिसतात. पक्षी बदललेले नसतात, आपलं घड्याळ बदललेलं असतं.

मोजणी पहिल्या थव्यापासून ५० मिनिटं, दोघांनी मिळून. एकाने फक्त थव्यांच्या वेळा सांगायच्या, दुसऱ्याने खिशातल्या टॅली काउंटरवर पक्षी मोजायचे. वाळूवर दोन खुणा धरून मनात एक रेघ ओढा, आणि ती रेघ जमिनीकडे ओलांडणारेच मोजा. ही रेघ नसली की आकडा हमखास फुगतो. थवा पाण्याच्या कडेला उभा राहतो, एखादा कुरव उडाला की सगळा पाण्यात पळतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा वर येतो. रेघेशिवाय तेच पेंग्विन दोनदा, कधी तीनदा मोजले जातात.

टॉर्च आणि फोन खिशातच ठेवा. अंधार पडल्यावर इथे फोटो काढायला पूर्ण मनाई आहे, फोननेसुद्धा. फ्लॅशने बिथरलेला पक्षी परत समुद्रात जातो, आणि बिळातलं पिल्लू तेवढा वेळ उपाशी राहतं. नोंदीसाठी जाड पेन्सिल आणि घडी घातलेला कागद: एका घडीला एक थवा, बोटाने चाचपत लिहायचं. परतताना गाडी सुरू करण्याआधी वाकून गाडीखाली बघायचं. पेंग्विन तिथे खरोखर शिरतात.

फेब्रुवारी ते एप्रिल हा रकाना अर्धाच भरला आहे. या काळात मोठे पक्षी पिसं बदलतात. नवी पिसं येईपर्यंत अंग पाण्यात भिजतं, म्हणून सुमारे १७ दिवस त्यांना जमिनीवरच काढावे लागतात, तेही उपाशी. त्याआधी खाऊन वजन जवळजवळ दुप्पट केलेलं असतं. वाळूवरचा आकडा घसरला म्हणून ‘पेंग्विन कमी झाले’ असं लिहिलेली जुनी नोंद दुरुस्त करावी लागली. ते कमी झालेले नव्हते, बिळांच्या तोंडाशी उभे होते. या महिन्यांत किनाऱ्यापेक्षा फळ्यांच्या वाटेच्या कडेला जास्त वेळ द्या.

सील, नॉबीजचं टोक. भरलं

सील रॉक्स हे खडक टोकापासून दीड-दोन किलोमीटर समुद्रात आहेत. ८×४२ दुर्बिणीतून फक्त तपकिरी हालचाल कळते. नर, मादी, पिल्लू वेगळे ओळखायचे तर ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप हवा. ३० पट मोठेपणा पुरे. ६० पटीवर नेलं की समुद्रावरची वाफ थरथरते आणि चित्र विरघळतं. खडक नैर्ऋत्येकडे आहेत, म्हणून सकाळी ऊन पाठीशी राहतं. दुपारनंतर तोच प्रकाश समोरून येतो आणि सील आणि खडक एकाच रंगाचे दिसतात. वारा असेल तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, बसून पाहा.

इथले सील म्हणजे ऑस्ट्रेलियन फर सील. पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मतात, आणि तेव्हा खडक सर्वात गजबजलेले असतात. गळ्याभोवती अडकलेला मासेमारीचा दोर किंवा जाळ्याचा तुकडा दिसला तर वेळेसह नोंद करून बेटावरच्या निसर्ग उद्यानाच्या लोकांना कळवा. सील वाढतो, दोर वाढत नाही. नॉबीजकडचा रस्ता अंधार पडण्याआधी बंद होतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना पेंग्विनांची बिळं आहेत.

ऱ्हिल इनलेट. भरलं: ऑक्टोबर ते मार्च

बेटाची उत्तर बाजू वेस्टर्न पोर्ट उपसागराकडे आहे, आणि हा उपसागर १९८२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. इथे दिसणारं खारफुटीचं झाड पाहून कोकण किनारा ठाऊक असलेल्यांना बरं वाटेल: ती आपली तिवरच, अविसेनिया मरीना. लाकडी वाट तिवरांतून जाते.

नवखे लोक ओहोटीला येतात, कारण चिखल उघडा पडलेला असतो. पण तेव्हा पक्षी विखुरलेले असतात आणि स्कोपमध्ये ठिपक्यांपलीकडे काही मिळत नाही. भरतीच्या दोन तास आधी पोहोचा. पाणी चढतं तसा चिखल आक्रसतो आणि पक्षी आपोआप जवळ सरकतात. उधाणाच्या भरतीला शेवटची जागाही बुडते आणि सगळे एकदम उठून जातात, म्हणून भांगाच्या (कमी उंचीच्या भरतीच्या) आसपासचे दिवस मोजणीला बरे. बार-टेल्ड गॉडविट, ईस्टर्न कर्ल्यू आणि जेमतेम ३० ग्रॅमचा रेड-नेक्ड स्टिंट ही मुख्य पाहुणी मंडळी. मार्चमध्ये हे पक्षी उत्तरेच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. त्या काळात एकदा उडवलेला थवा म्हणजे वाया गेलेलं इंधन. अंतर ठेवा. मान वर करून सगळे स्तब्ध झाले की आपण फार जवळ आलो आहोत.

केप वूलामाई आणि मटनबर्ड. एप्रिल बाकी

शॉर्ट-टेल्ड शिअरवॉटर हा समुद्रपक्षी, स्थानिक नाव मटनबर्ड, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बेरिंग समुद्राच्या बाजूने परततो. एका बाजूचा प्रवास सुमारे १५,००० किलोमीटर. नोव्हेंबरच्या अखेरीस जोडी एकच अंडं घालते. केप वूलामाई, बेटाचा सर्वात उंच भाग (१०९ मीटर), या पक्ष्यांच्या बिळांनी पोखरलेला आहे. वाट सोडून टाकलेलं एक पाऊल बिळाचं छत खाली आणतं, म्हणून इथे ‘जरा बाजूला जाऊन फोटो’ हा प्रकार नाहीच.

एप्रिलच्या मध्यावर आईबाप निघून जातात आणि पिल्लं मागे राहतात. ती एप्रिलअखेरीस, मेच्या सुरुवातीस, रात्री पहिलं उड्डाण करतात आणि दिव्यांकडे ओढली जाऊन रस्त्यावर उतरतात. पंख लांब, पाय मागे, त्यामुळे सपाट डांबरावरून पुन्हा उडणं त्यांना जमत नाही. उतार किंवा जोराचा वारा लागतो. म्हणूनच त्या दिवसांत पुलावरचे दिवे बंद ठेवले जातात. एक पिल्लू वाचवायला इतका साधा उपाय पुरावा, ही या बेटावरची सगळ्यात समाधान देणारी गोष्ट आहे. संध्याकाळनंतर गाडी सावकाश चालवा आणि पक्षी दिसला तर हवेत उडवू नका, वन्यजीव बचाव पथकाला कळवा.

बँडिकूट. खुणा मिळाल्या, प्राणी क्वचित

ईस्टर्न बार्ड बँडिकूट मुख्य भूमीवरून जवळपास संपला होता. तो २०१५ मध्ये शेजारच्या चर्चिल बेटावर आणि २०१७ मध्ये फिलिप बेटावर सोडला गेला. २०२१ मध्ये व्हिक्टोरियाने त्याचा दर्जा ‘निसर्गातून नष्ट’वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलला. प्राणी रात्री फिरतो, त्यामुळे दिवसा खुणा शोधायच्या. गवतात नाकाने पाडलेली निमुळती, शंकूसारखी छिद्रं म्हणजे बँडिकूट. उथळ खरवडण आणि शेजारी गोल लेंड्या म्हणजे ससा. वेडीवाकडी उचकटलेली माती बहुधा एकिडना, म्हणजे मुंग्या खाणारा काटेरी प्राणी. तिन्हींचे फोटो शेजारी नाणं किंवा पेन ठेवून काढा. मोजमाप नसेल तर नंतर घरी बसून काहीच ठरवता येत नाही.

कोआला उद्यानासाठी फार लिहिण्यासारखं नाही. वाटा फांद्यांच्या उंचीवर आहेत, प्राणी दिवसाचे वीसेक तास झोपतात. पानांत शोधत बसण्यापेक्षा खोडाच्या बेचक्यांत पाहा.

जे दिसत नाही, त्याचा रकाना

हा रकाना सर्वात उशिरा सुचला. समरलँड द्वीपकल्पावर एकेकाळी घरांची वसाहत होती, रस्ते होते, मांजरं-कुत्री होती. बेटावरच्या दहा पेंग्विन वसाहतींपैकी समरलँडचीच एक उरली होती. राज्य सरकारने १९८५ मध्ये इथली घरं आणि भूखंड विकत घ्यायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये ते काम पुरं झालं. आज तिथे गवत आणि बिळं आहेत. कोल्हे संपल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं, आणि त्याच वर्षी बँडिकूट सोडणं शक्य झालं. दोन्ही नोंदी एकाच ओळीत लिहा, कारण एकीशिवाय दुसरीला अर्थ नाही. पूल आहे तोवर कोल्हा परत येण्याचा धोका आहे, आणि रानटी झालेली मांजरं अजून आहेत. ती बँडिकूट मारतात, शिवाय टॉक्सोप्लाझ्मोसिस हा परजीवीचा रोगही पसरवतात. म्हणून या रकान्यात प्रत्येक फेरीला एकच प्रश्न: कोल्ह्याची किंवा मांजराची पावलं, विष्ठा, ओढून नेलेला पक्षी, यातलं काही दिसलं का? ‘नाही’ हेही लिहायचं, जागा आणि मिनिटांसह.

पुढच्या टप्प्यात: केप वूलामाईच्या बाजूला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या रात्री, समरलँडला फेब्रुवारीचे राहिलेले दिवस, आणि ऱ्हिलला जूनमध्ये एक भरती. उत्तरेला न जाता हिवाळ्यात मागे राहणारे कोवळे गॉडविट किती, ते पान अजून कोरं आहे.