दोन दिवस कुणी हाक मारली नाही

सहा आठवडे सलग गावात काढल्यावर शुक्रवारी दुपारी मी सुट्टी मागितली आणि युगांडाची राजधानी कंपाला गाठली.

मसाका शहराच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर आमची शाळा आहे. कराडला एकतीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, निवृत्तीनंतर इथे एका सत्रासाठी तेच बिनपगारी करते आहे. काम मनापासून आवडतं. पण गावात मी एकटीच भारतीय. पाणी आणायला निघाले की पोरं "मुयिंदी! मुयिंदी!" (म्हणजे भारतीय) करत मागे येतात. दुकानातून साबणाची वडी घेतली तरी संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांना कळलेलं असतं. सगळे प्रेमानेच बघतात. तरीही सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाची ना कुणाची नजर आपल्यावर असण्याचा शीण येतो, आणि तो झोपेने जात नाही. हे मला या वयात नव्यानं कळलं.

इथे टॅक्सी म्हणजे चौदा माणसांची पांढरी व्हॅन, बाजूने निळ्या चौकड्यांचा पट्टा. मसाका ते कंपाला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. लुकायाला गाडी थांबली रे थांबली की विक्रेते खिडक्यांना भिडतात, हातात काड्यांवर भाजलेलं मांस आणि गोंजा. गोंजा म्हणजे मोठं गोड केळं, कोळशावर भाजलेलं. मी दोन घेतली. शाळेत रोज पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि राजम्यासारख्या कडधान्याची उसळ असते, त्यामुळे ती गोडी जिभेला फार बरी वाटली.

कंपालात घेतलेल्या खोलीत गरम पाण्याचा नळ होता. केस दोनदा धुतले. रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवून वाचत पडले, कारण सौर कंदिलाची बॅटरी संपायची भीती नव्हती.

शनिवारी सकाळी नाकासेरो बाजार. भाजीवाल्या बाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता कोथिंबिरीची जुडी पुढे केली. "डानिया, न्याबो." न्याबो म्हणजे आपलं 'बाई'. आणि डानिया म्हणजे आपले धनेच की! जुडीच्या मुळांना लाल माती होती, पाणी मारलेलं होतं, आणि तो वास नाकात गेल्यावर मी तिथेच क्षणभर उभी राहिले. बाई तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. त्या गर्दीत मी कुणालाच नवलाची नव्हते. माझ्यासारख्या कितीतरी बायका तिथे पिशव्या घेऊन भेंडी निवडत होत्या.

याला मोठा इतिहास आहे. 1972 च्या ऑगस्टमध्ये हुकूमशहा इदी अमीनने इथल्या आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले होते. हजारो कुटुंबं दुकानं, घरं टाकून गेली. 1986 मध्ये मुसेवेनी सत्तेवर आल्यानंतरच्या वर्षांत काहीजण परतले, जप्त झालेल्या मालमत्ता मिळवायला लागले. बाजाराजवळच्या किराणा दुकानातले गुजराती काका त्यातलेच. अकरा वर्षांचे असताना आईचा हात धरून ते विमानात चढले होते. मी पोहे, मोहरी आणि पावशेर धने घेतले. "पेरले तर उगवतील का हो?" विचारलं, तर त्यांनी चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडले. "आखा नहीं डालना, बेन. दो फाड करके डालो."

दुपारी किकाया टेकडीवर बहाई मंदिरात गेले, 1961 चं. हिरवा घुमट, नऊ बाजू, नऊ दारं. आत मूर्ती नाही, प्रवचन नाही. रंगीत काचेतून आलेला उजेडाचा एक ठिपका माझ्या पुढच्या बाकाच्या पाठीवर पडला होता. मी बसले तेव्हा तो कडेला होता, उठले तेव्हा मधोमध. तेवढ्या वेळात कुणाला माझ्याकडून काही नको होतं. ना उत्तर, ना वही तपासून, ना हसून ओळख. डोळ्यांत पाणी आलं, ते मी येऊ दिलं.

रविवारी परत. कायाब्वेला विषुववृत्त लागतं. तिथे रेषेच्या दोन्ही बाजूंना भांड्यात पाणी सोडून भोवरा उलटसुलट फिरवून दाखवतात. पर्यटक टाळ्या वाजवतात, पण हे विज्ञान नाही. एवढ्याशा भांड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसत नाही. पाणी कसं ओतलं, भांडं कसं हललं, त्यावर भोवऱ्याची दिशा ठरते. सोमवारी सातवीच्या वर्गात बुडाला भोक पाडलेलं प्लास्टिकचं घमेलं ठेवलं आणि मुलांकडूनच दहा वेळा पाणी सोडवलं. सहा वेळा भोवरा एका बाजूला, चार वेळा दुसऱ्या. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, मग ते लोक खोटं सांगतात?" यावर अर्धा तास गेला, आणि त्या दिवशीचे अपूर्णांक राहिले.

धने रगडून पाण्याच्या टाकीमागे पेरले आहेत. शाळेत स्वयंपाक करणारी ताई रोज सकाळी जाऊन बघते. आज अकरावा दिवस. दोन ठिकाणी माती किंचित वर उचलली आहे.