‘अंदाजे’ या एका शब्दासाठी सात आठवडे

आईच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे कवळी धरून ठेवणारे हाडातले स्क्रू, बसवायला डॉक्टरांना पाऊण तास लागला. त्याआधी एका फॉर्मवरचा एक रकाना भरायला मला सात आठवडे लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही. लिहितोय ते एवढ्यासाठी, की माझ्यामागे रांगेत उभे असलेले लोकही त्याच रकान्यापाशी अडकले होते.

आई ६८ वर्षांची, शुगरची पेशंट. वरची कवळी ठीक बसते, खालची कधीच बसली नाही. खालच्या कवळीला टाळूचा आधार नसतो, जीभ तिला सारखी उचलते, आणि दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षागणिक झिजत जातं. तीनदा नवी करून घेतली, तिन्ही डबीत पडून राहिल्या. मग जेवण म्हणजे वरण-भात, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकर. काकडी, मेथी, मोड आलेली मटकी ताटातून गेली. नागपूरच्या घरात हिवाळ्यात संत्री कधी कमी नसतात, पण ती फोड नुसती चोखायची आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवायची. शुगर असलेल्या बाईला चावता येत नाही म्हणून दोन्ही वेळा भातच खावा लागत असेल, तर तो आजाराचाच भाग झाला. पण कोणत्याही काउंटरवर तो आजार धरत नाहीत.

खाजगीत एका इम्प्लांटचे ३० हजार सांगितले. आम्हाला दोन लागणार होते, कवळी वेगळी. म्हणून शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात गेलो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, हे मला माहीत होतं. काउंटरवर विचारलं, “भरती आहे का?” नाही. इम्प्लांट खुर्चीवर बसवून करतात, खाट लागत नाही. “मग ते यात बसत नाही.” आईच्या मेडिक्लेमवाल्यांनीही आधी हेच सांगितलं होतं.

उरला ट्रस्टच्या स्वतःच्या मदतनिधीचा फॉर्म. तो फक्त मंगळवारी, दहा ते एक या वेळात घेत. पहिल्या मंगळवारी बाबूंनी ‘एकूण खर्च’ या रकान्याभोवती पेन्सिलने गोल केला आणि फॉर्म परत सरकवला. दातांच्या विभागातून आकडा आणा. विभागात गेलो, तर आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करा, हाड किती उरलंय ते दिसल्याशिवाय आकडा लिहून देता येत नाही. सीबीसीटीच्या खिडकीवर गेलो, तर सवलतीत हवं असेल तर मंजूर फॉर्म दाखवा. मंजुरी त्या रकान्यावर अडलेली. दुसऱ्या मंगळवारी हेच झालं. तिसऱ्या मंगळवारी बाबू रजेवर. चौथ्या मंगळवारी मला सांगितलं की उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा आहे, नवा आणा. तो सेतूतून आठ दिवसांत मिळाला, तिथे त्रास झाला नाही. (तुम्ही जाणार असाल तर दाखला आधीच ताजा काढून ठेवा, तीन झेरॉक्ससह.) मे महिना, दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा. आई म्हणायची, “काहून येरझारा करून राहिला रे? राहू दे ते दात.” तिचं हे ‘राहू दे’ मला त्या उन्हापेक्षा जास्त लागायचं. सहाव्या मंगळवारी मी काउंटरवर आवाज चढवला. त्याने काही झालं नाही, फक्त मागच्या आजीबाई घाबरल्या. त्याचं मला वाईट वाटतं.

त्या आजीबाईंच्या मुलीनेच सांगितलं, पहिल्या मजल्यावर समाजसेविका मॅडम बसतात, त्यांना भेटा. सातव्या मंगळवारी भेटलो. त्यांनी फॉर्म पाहिला, आईचा साधा ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे पाहिला, विभागात फोन लावला. पाच मिनिटांत एक पीजी (पदव्युत्तर शिकणारी) डॉक्टर आली आणि आकड्याच्या आधी लिहिलं, ‘अंदाजे’. खाली सही, शिक्का. तो फॉर्म त्याच खिडकीवर, त्याच बाबूंनी घेतला. या सात आठवड्यांत ‘अंदाजे’ हा शब्द कुणीही लिहू शकलं असतं. म्हणून सांगतो, अशा ठिकाणी काउंटरवर जाऊच नका, आधी समाजसेवक गाठा.

पुढचं सगळं सुरळीत झालं. शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी लागते, ती आधीच करून न्या. आईची ७.१ आली, डॉक्टर हो म्हणाले. आमच्या शेजारी तिशीतला एक मुलगा होता, अपघातात दात गेलेला. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंही मावेनात. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन तोंड आखडलेलं. त्याला इम्प्लांटच्या आधी खर्रा सोडून वेगळे उपचार घ्यावे लागणार होते, कारण ड्रिल आत जायलाच जागा नव्हती. घरात कुणी खर्रा खात असेल तर ते दृश्य दाखवायला हवं.

स्क्रू टिटॅनियमचा असतो. हाड त्याला स्वतःहून धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावर काम करताना लक्षात आलं, आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाला असे दात बसले. पूर्ण बोळक्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हाच पहिला पर्याय असावा, असं माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र अजून खाट लागते की नाही, यावर सवलत ठरते. हे बदललंच पाहिजे.

हाड धरायला आम्हाला तीन महिने थांबावं लागलं. मग कवळीच्या आतल्या बाजूला दोन छोट्या रबरी रिंगा बसवल्या. आई कवळी दाबते, टक् आवाज येतो, की बसली. पहिल्या आठवड्यात तिने ज्वारीची भाकर ठेच्याबरोबर खाल्ली, कुस्करून. दुसऱ्या आठवड्यात न कुस्करता.

एक राहिलं. त्या रिंगा झिजतात आणि बदलाव्या लागतात. त्यांचा खर्च पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आम्ही विचारला नव्हता.